एम.एस. म्हणजे नेमकं कोण?

एम.एस. ही दोन अक्षरं कानावर पडली की तुमच्या मनात काय येतं? गाण्याची आवड असेल तर सुब्बुलक्ष्मी आठवतील, क्रिकेटची असेल तर धोनी. दवाखान्याच्या पाटीवर डॉक्टरांच्या नावापुढे ती अक्षरं दिसली की आपण ओळखतो, हे सर्जन. आणि शेजारच्या काकू "आमचा मुलगा एम.एस. करायला अमेरिकेला गेलाय" म्हणाल्या, तर तो तिथे ऑपरेशनं शिकत नसून बहुधा कॉम्प्युटरमधली पुढची पदवी घेत असतो. यात आपण कधी अडखळत नाही. बोलणारा कोण आणि विषय काय चाललाय हे आपल्याला ठाऊक असतं, तेवढ्यावर अर्थ आपोआप लागतो.

पण हीच अक्षरं एखाद्या अनोळखी कागदावर, मागचा-पुढचा धागा नसताना, समोर आली तर? आणि त्यांचं दुसऱ्या भाषेत भाषांतर करायचं असेल तर? अमेरिकेत हा प्रश्न रोजचा आहे. तिथे चार कोटींहून अधिक लोकांच्या घरात स्पॅनिश बोलली जाते. त्यातल्या अनेकांना इंग्रजी बेताचंच येतं, म्हणून रुग्णालयातली संमतिपत्रं, घरी जाताना मिळणाऱ्या सूचना, जुने केस पेपर यांचं इंग्रजीतून स्पॅनिशमध्ये भाषांतर करावं लागतं. डॉक्टर मंडळी घाईत लिहितात. घाईत लिहिणाऱ्याला संक्षेप फार प्रिय, आणि वाचणाऱ्याला तितकाच जाचक.

वैद्यकीय इंग्रजीत एम.एस. म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस असू शकतं. मेंदू आणि मज्जारज्जूमधल्या चेतातंतूंवरचं आवरण खराब होण्याचा हा आजार. एम.एस. म्हणजे मायट्रल स्टेनोसिसही असू शकतं. यात हृदयाच्या डाव्या बाजूची एक झडप अरुंद होते, आणि लहानपणी झालेला संधिवाताचा ताप हे त्याचं मोठं कारण. ही आजारांची गोष्ट झाली. औषधांच्या रकान्यात तीच अक्षरं मॉर्फिन सल्फेटसाठी वापरली गेली आणि मॅग्नेशियम सल्फेटसाठीही. पहिलं तीव्र वेदना शमवणारं अफूजन्य औषध. दुसरं गरोदरपणात रक्तदाब वाढून येणारे झटके रोखण्यासाठी देतात. एकाच्या जागी दुसरं दिलं गेलं तर जीव जाऊ शकतो.

अमेरिकेत रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या 'जॉइंट कमिशन' या संस्थेने २००४ साली 'हे वापरू नका' अशी संक्षेपांची एक छोटी यादी काढली. त्या यादीत एम.एस. आहे, आणि या दोन्ही औषधांची रासायनिक सूत्रंही आहेत. त्याऐवजी औषधाचं पूर्ण नाव लिहा, असं तिथे सांगितलं आहे. पण यादी निघाली म्हणून हातांच्या सवयी लगेच सुटत नाहीत, आणि जुने कागद तर जुनेच राहतात. भाषांतराला येतात ते पुष्कळदा असेच कागद.

आता स्पॅनिशकडे वळू. मराठीत आणि इंग्रजीत विशेषण आधी येतं आणि नाम नंतर. स्पॅनिशमध्ये बहुधा नाम आधी. त्यामुळे इंग्रजी संक्षेप तिथे गेला की त्यातली अक्षरं जागा बदलतात. 'नेटो'चं 'ओतान' होतं, 'एड्स'चं 'सिदा' होतं, डी.एन.ए.चं ए.डी.एन. होतं. या नियमाने मल्टिपल स्क्लेरोसिस झालं 'एस्क्लेरोसिस मूल्तिप्ले', म्हणजे ई.एम. आणि मायट्रल स्टेनोसिस झालं 'एस्तेनोसिस मित्राल'. म्हणजे पुन्हा ई.एम.! दोन्ही औषधांची नावं 'सुल्फातो'ने सुरू होतात, 'सुल्फातो दे मोर्फिना' आणि 'सुल्फातो दे माग्नेसिओ', म्हणून दोघांचंही एस.एम. प्रयोगशाळेतल्या मास स्पेक्ट्रोमेट्रीलाही इंग्रजीत एम.एस. म्हणतात, स्पॅनिशमध्ये तीही जाऊन ई.एम.च्या रांगेत उभी राहते. इंग्रजीत एक गाठ होती, तिच्या स्पॅनिशमध्ये दोन झाल्या, सुटली एकही नाही. म्हणून जाणता अनुवादक अक्षराला अक्षर जोडत बसत नाही. तो आधी मूळ इंग्रजी शब्द पूर्ण उभे करतो, मग त्यांचं भाषांतर करतो, आणि स्पॅनिशमध्ये निदान पहिल्यांदा तरी पूर्ण शब्दच लिहितो.

मूळ शब्द उभे करायचे कसे? आजूबाजूला पाहून. अक्षरांच्या पुढे चार मिलिग्रॅम असं माप असेल तर मॉर्फिन, कारण मॅग्नेशियम देतात ते ग्रॅमच्या हिशेबात. इकोकार्डिओग्राफीचा अहवाल असेल तर झडप, मेंदूचा एम.आर.आय. असेल तर चेतातंतू. मात्र 'पूर्वीचे आजार' या रकान्यात रक्तदाब, मधुमेह आणि एम.एस. एवढंच लिहिलेलं असलं की हे सगळं कौशल्य तिथे थांबतं.

इंग्रजीत अशा वेळी मोघम राहता येतं. स्पॅनिशमध्ये ती सोयही अपुरी, कारण तिथे नामाला लिंग असतं आणि त्याप्रमाणे त्याच्यापुढचा 'एल' किंवा 'ला' ठरतो. सल्फेट पुल्लिंगी, दोन्ही आजार स्त्रीलिंगी. म्हणजे 'ला' लिहिताच अनुवादकाने हा आजार आहे, औषध नव्हे, असं जाहीर केलेलं असतं. मग तो कोणता आजार, ते 'ला' सांगत नाही!

कुणी म्हणेल, एवढी यातायात कशाला, एम.एस. तसंच ठेवा की. हा उपाय मला पटत नाही. अर्धं इंग्रजी, अर्धं स्पॅनिश असा मजकूर किती घातक ठरू शकतो याचं एक उदाहरण प्रसिद्ध आहे. दिवसातून एकदा यासाठी इंग्रजीत 'वन्स' हा शब्द आहे. त्याची अक्षरं स्पॅनिशमध्ये 'ओन्से' अशी वाचली जातात, आणि ओन्से म्हणजे अकरा. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या औषध दुकानांत संगणकाने तयार केलेल्या स्पॅनिश लेबलांची तपासणी 'पीडिॲट्रिक्स' या नियतकालिकात २०१० साली प्रसिद्ध झाली. तपासलेल्या लेबलांपैकी निम्म्यांत चुका होत्या, आणि बहुतेक ठिकाणी चूक हीच, की काही शब्द इंग्रजीतच राहून गेले होते. २०२४ साली अमेरिकी सरकारच्या आरोग्यविषयक नियमांत अट आली, की महत्त्वाच्या मजकुराचं यंत्राने केलेलं भाषांतर पात्र अनुवादकाने तपासलंच पाहिजे. यंत्र अडखळत नाही, ही त्याची अडचण आहे. ते चार अर्थांतला एक उचलतं आणि बिनधास्त पुढे जातं.

सगळेच एम.एस. इतके त्रासदायक नसतात. छोट्या लिपीतलं 'एम.एस.' म्हणजे मिलिसेकंद, हे आंतरराष्ट्रीय चिन्ह; त्याला कुठल्याही भाषेत हात लावायचा नसतो. हस्तलिखितासाठीचा संक्षेपही दोन्हीकडे जवळजवळ सारखा, कारण दोघांचं माहेर लॅटिन. बाईच्या नावापुढे लागणारं 'मिझ' मात्र मजेशीर. लग्न झालंय की नाही हे कळू नये म्हणून ते इंग्रजीत रुळलं. स्पॅनिशमध्ये अशी तिसरी सोय नाही. 'सेन्योरा' आणि 'सेन्योरिता' या दोघींतून निवडायचं, आणि आता सरसकट सेन्योराच लिहितात. सौ., कु. आणि श्रीमती यांत पत्ता लिहिताना आपलीही लेखणी थबकतेच.

फर्नांदो नावारो या स्पॅनिश डॉक्टरांनी वैद्यकीय इंग्रजीचं स्पॅनिश करताना येणाऱ्या शंकांचा जाडजूड कोश २००० साली काढला आणि पुढे वैद्यकीय संक्षेपांचा स्वतंत्र संग्रहही केला. असे संग्रह एका संक्षेपापुढे अनेक अर्थ मांडून ठेवतात, पण आपल्या कागदावरचा त्यातला कोणता, ते कागद लिहिणाऱ्यालाच विचारावं लागतं. चांगला अनुवादक तसा विचारतोही. उत्तर वेळेत आलं नाही, तर तो अंदाज ठोकून देत नाही. मूळ अक्षरं तशीच ठेवून खाली टीप देतो, की मूळ कागदावरून याचा अर्थ निश्चित होत नाही, डॉक्टरांना विचारावं. स्पॅनिशमध्ये या टिपेच्या सुरुवातीला 'एन. देल टी.' असं लिहितात. 'नोता देल त्रादुक्तोर', म्हणजे अनुवादकाची टीप. हाही संक्षेपच, पण याचा अर्थ कुणाला विचारावा लागत नाही.