जुन्या यंत्रालाही नवे औषध लागू पडते

अंधेरी असो वा मुलुंड, बोरिवली असो वा घाटकोपर, आपल्या उपनगरांत पॅथॉलॉजी लॅब आणि सोनोग्राफी सेंटर पावलोपावली आहेत. तिथली बहुतेक यंत्रे आता संगणकावर चालतात. या संगणकांच्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याला ‘कर्नल’ म्हणतात. कोणत्या प्रोग्रामला किती मेमरी द्यायची, हे कर्नल ठरवतो.

या कर्नलला होणारा एक जुना आजार समजून घेऊ. समजा, केसपेपरच्या खिडकीवर कोरा फॉर्म न घेता आधीच्या रुग्णाचाच फॉर्म पुन्हा वापरला. नाव, वय बदलले. बाकीचे रकाने तसेच राहिले. आता नव्या रुग्णाच्या हाती आधीच्याची माहिती गेली! मेमरीचेही असेच होते. काम संपले तरी तिथला मजकूर आपोआप पुसला जात नाही. कर्नलने तीच जागा न पुसता अर्धवट भरली आणि प्रोग्रामला दिली, तर कोणाचा पासवर्ड किंवा कर्नलची अंतर्गत माहिती बाहेर फुटू शकते.

उपाय बहुधा एकदोन ओळींचा असतो: वापरण्यापूर्वी त्या जागेत शून्ये भरा. सप्टेंबर २०१९ मध्ये आलेल्या लिनक्स ५.३ मध्ये तर मेमरी देतानाच ती शून्य करण्याचा पर्याय मिळाला.

पण नवे औषध नव्या आवृत्तीसाठी. जुन्या यंत्रांचे काय? रुग्णालयातले यंत्र दहा-दहा वर्षे चालते. त्याची आख्खी ऑपरेटिंग सिस्टीम बदलली तर त्यावरचे सॉफ्टवेअरच बंद पडण्याची भीती. म्हणून तेवढीच दुरुस्ती जुन्या आवृत्तीत बसवतात. यालाच ‘बॅकपोर्टिंग’ म्हणतात. वयस्कर रुग्णाला औषध देताना आपण त्याची किडनी, चालू गोळ्या पाहून मात्रा ठरवतो, तसेच हे काम. जुन्या कर्नलमधली आजूबाजूची रचना वेगळी असते. दुरुस्ती जशीच्या तशी चिकटवली तर नवाच बिघाड उद्भवतो. म्हणून लिनक्सच्या जुन्या आवृत्त्यांसाठी नियम आहे की, दुरुस्ती आधी मुख्य आवृत्तीत आलेली असावी, छोटी असावी आणि तपासलेली असावी.

हलगर्जी किती महाग पडते, हे २०१७ ने दाखवले. विंडोजमधल्या एका वेगळ्या त्रुटीवरचा उपाय मायक्रोसॉफ्टने १४ मार्चला दिला होता. तो न बसवलेल्या संगणकांवर १२ मे रोजी ‘वॉनाक्राय’ने घाला घातला. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेतील हजारो अपॉइंटमेंट रद्द झाल्या. दुसऱ्याच दिवशी मायक्रोसॉफ्टने २०१४ पासून सेवा बंद असलेल्या विंडोज एक्सपीसाठीही तो उपाय सर्वांना खुला केला. जूनअखेर त्याच त्रुटीचाही वापर करणाऱ्या दुसऱ्या हल्ल्यात आपल्या जेएनपीटीतील एका टर्मिनलचे काम ठप्प झाले.

डॉक्टर मंडळींनी आणि लॅबचालकांनी यंत्र घेतानाच विचारावे: सुरक्षेचे अपडेट किती वर्षे मिळणार? मुदत संपलेले यंत्र इंटरनेटपासून तोडून ठेवावे. रुग्णाला जोडलेल्या यंत्रावर परस्पर अपडेट चालवू नये. कंपनीच्या अभियंत्याकडूनच करून घ्यावे. रिपोर्टची एक प्रत वेगळी जपावी.

आणि वाचकहो, तुमच्या मोबाइलच्या सेटिंगमध्ये शेवटच्या सिक्युरिटी अपडेटची तारीख दिसते. ती आजच पाहा. वर्ष उलटून गेले असेल आणि नवा अपडेट येत नसेल, तर त्या फोनवर बँकेचे व्यवहार करणे टाळलेले बरे.