तीनशेचा वेग, साडेतीनशे मीटरचा घाट

दिवाळी सरली की जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर पिकअप आणि टेम्पो लागू लागतात. भात घरात आलेले असते, पण ते वर्षभर पुरणार नसते. मग दाराला कडी लागते आणि कुटुंबेच्या कुटुंबे भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर निघतात. एकाच गाडीत माणसे, भांडीकुंडी, तांदळाची गोणी, पाटीखाली झाकलेल्या कोंबड्या आणि आईच्या मांडीवर झोपलेले मूल. गाडी भरली की चालक पहिला गिअर टाकतो आणि घाट उतरायला लागतो.

या लेखाचा विषय खरे तर सिरॅमिक ब्रेकचा. पोर्शे, फेरारी, लॅम्बोर्गिनी यांच्या चाकांत बसणारा, किंमत ऐकून माणूस गप्प व्हावा असा तो ब्रेक. तो किती टिकतो आणि बदलायला काय पडते, हे शोधताना मी वारंवार या घाटातच येऊन थांबलो. त्याचे कारण एक साधे गणित आहे.

ब्रेक गाडीची ऊर्जा संपवत नाही, तिची उष्णता करतो. ताशी 300 किलोमीटरने धावणारी गाडी जागच्या जागी थांबवायची तर जेवढी उष्णता निघते, तेवढीच तीच गाडी साधारण 350 मीटर उंचीवरून संथपणे खाली उतरवताना निघते. दोन्हीकडे वजन सारखेच धरले जाते, त्यामुळे गाडी लाखाची की कोटींची याने या आकड्यात फरक पडत नाही. जव्हार समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंच आहे आणि विक्रमगडमार्गे मनोरपर्यंत येईतो यातली बहुतेक उंची संपलेली असते. म्हणजे युरोपातल्या शर्यतीच्या ट्रॅकवर एखादी पोर्शे तीनशेच्या वेगावरून थांबताना जी कसोटी देते, तिच्या तोडीची उष्णता आपली काळी-पिवळी जीप रोज, प्रत्येक खेपेला जिरवते. पोर्शेला ती काही सेकंदांत जिरवावी लागते आणि जीपला त्यासाठी बराच वेळ मिळतो, एवढाच मोठा फरक. पुढे जे सांगायचे आहे ते या वेळेभोवतीच फिरते.

आकडा डोळ्यांसमोर यावा म्हणून सांगतो. माणसांनी आणि सामानाने भरून तीन टनांची झालेली गाडी चारशे मीटर उतरली, तर तिच्यातून निघणाऱ्या उष्णतेवर सुमारे चाळीस लिटर पाणी उकळीला येईल. जवळजवळ तीन हंडे. मोखाड्यात उन्हाळ्यात तीन हंडे पाणी आणायला बाईला किती चालावे लागते, हे इथल्या वाचकाला सांगायला नको. या उष्णतेचा काही वाटा इंजिन आणि टायर घेतात. चालकाने गाडी गिअरवर उतरवली तर इंजिनाचा वाटा मोठा असतो. डिझेल वाचवायला न्यूट्रल केली, तर जवळजवळ सगळा भार ब्रेकच्या लायनरवर.

आता सिरॅमिककडे. नाव सिरॅमिक असले तरी ही कपबशीची चिनीमाती नाही. कार्बनचे आखूड तंतू राळेत मिसळून साच्यात दाबतात, हवा न लागू देता भट्टीत भाजून त्याचा सच्छिद्र कार्बन करतात आणि मग सिलिकॉनच्या वितळणबिंदूपलीकडे, म्हणजे 1414 अंश सेल्सिअसच्या वर नेऊन वितळलेले सिलिकॉन त्या छिद्रांत मुरवतात. आत सिलिकॉन कार्बाइड तयार होते, हिऱ्याच्या वाटेवरचे कठीण. डिस्क नेहमीच्या बिडाच्या डिस्कच्या जवळजवळ निम्म्या वजनाची होते, गंजत नाही, आणि बीड जिथे हार मानू लागते तिथेही पकड धरून राहते. पोर्शेने 2001 मध्ये 911 जीटी-2 या गाडीला ती दिली. लॅम्बोर्गिनीच्या उरुसमध्ये पुढची सिरॅमिक डिस्क 440 मिलिमीटर व्यासाची आहे, भाकरीच्या मोठ्या तव्याहूनही रुंद.

टिकाऊपणाचे मात्र दोन वेगळे हिशेब आहेत. साध्या रस्त्यावर ही डिस्क लाख-दीड लाख किलोमीटर जाऊ शकते आणि पुष्कळदा मालक आधी गाडीच विकतो. ट्रॅकवर तीच डिस्क काही हजार किलोमीटरांत संपू शकते. कारण ती बिडासारखी मुख्यतः घासून झिजत नाही, आतून जळते. तापमान फार वर गेले की कार्बनचे तंतू हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावतात आणि डिस्क हलकी होत जाते. म्हणून तिची जाडी मोजून भागत नाही. डिस्कवर किमान वजन कोरलेले असते आणि काढून ती तराजूवर ठेवावी लागते. ब्रेकची झीज ग्रॅममध्ये मोजायची, ही गोष्ट मला फार बोलकी वाटली. सोन्यासारखी वजनावर तोलावी लागणारी ही वस्तू किमतीनेही तशीच आहे: 911 वर या ब्रेकचा पर्याय घेतला तर अमेरिकेत हजारो डॉलर जास्तीचे पडतात, आणि पुढे चारही डिस्क बदलायची वेळ आली तर खर्च अनेकदा त्याच्याही वर जातो. त्यामुळे ट्रॅकवर नेहमी जाणारे कित्येक मालक सिरॅमिक डिस्क काढून जपून ठेवतात आणि बिडाच्या लावतात. पोर्शेची जीटी-3 तर बिडाच्याच ब्रेकवर येते. सिरॅमिक हवा तर वेगळे पैसे मोजायचे.

आणखी एक नाजूक जागा आहे. चाक काढताना रिम डिस्कच्या कडेवर आपटली तर टवका उडतो. म्हणून या गाड्यांचे चाक काढताना वाट दाखवणाऱ्या पिना आधी बसवतात. खडी सांडलेल्या रस्त्यावर पंक्चर झाले आणि वाटेवरच्या दुकानात घाईने चाक खोलले, तर एका टवक्यापायी लाखांची डिस्क जाऊ शकते.

जीपच्या मागच्या चाकातल्या ड्रमची आणि लायनरची कहाणी याच्या उलट. लायनर काही हजारांत बदलून होतो आणि तालुक्याच्या गावातला मेकॅनिकही ते काम करतो. पण उष्णता ड्रमच्या पोटात कोंडते, ड्रम तापून फुगतो, लायनरपासून दूर सरतो आणि पेडल जास्त दाबावे लागते. लायनरमधली राळ तापून वायू सोडते, पकड निसरडी होते. लायनर जळाल्याचा तो वास घाटात कुणाच्याही नाकाला ओळखीचा आहे. आणि सगळ्यांत वाईट प्रकार ब्रेक ऑइलचा. हे तेल हवेतली ओल शोषते. डॉट-3 प्रतीच्या ताज्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान 205 अंश असावा लागतो. पाणी मुरलेल्या तेलाला 140 पुरतात. जव्हारच्या चार महिन्यांच्या पावसात उभ्या राहिलेल्या गाडीतले जुने तेल उतारावर उकळले की नळीत वाफ होते. वाफ दाबली जाते, ब्रेक दाबला जात नाही. पेडल खाली जाते ते वर येत नाही. लोक म्हणतात, ब्रेक अचानक फेल झाला. तो अचानक झालेला नसतो.

इथे बदलायच्या खर्चाचा अर्थ पोर्शेवाल्यापेक्षा वेगळा लागतो. तेलाचा डबा काही शे रुपयांचा. पण हंगामात गाडी एक दिवस उभी राहिली की खेप जाते, हप्ता डोक्यावर असतो, आणि ब्रेक तर कालपर्यंत लागतच होता. म्हणून काम पुढच्या आठवड्यावर जाते. मला या चालकांना बेफिकीर म्हणवत नाही. स्वस्तातली दुरुस्ती टळते आणि महागडी डिस्क तराजूवर तोलली जाते, यामागे स्वभावापेक्षा हातात असलेला पैसा आणि वेळ मोठा आहे. तीच पिकअप निम्म्या वजनाची केली तर निघणारी उष्णताही निम्मी होते. पण दुसरी गाडी करायला भट्टीच्या उचलीतून पैसे कापले जाणार असतील, तर सगळी माणसे एकाच गाडीत बसतात.

पुण्याजवळ चाकणला ब्रेम्बो या इटालियन कंपनीचा कारखाना आहे. फेरारीला सिरॅमिक डिस्क पुरवणाऱ्या याच कंपनीने भारतातल्या मोटारसायकलींसाठी बायब्रे नावाने ब्रेक आणले आणि जव्हारच्या बाजारात उभ्या असलेल्या एखाद्या पल्सरवर ते नाव वाचायला मिळते. चांगला ब्रेक साध्या माणसापर्यंत उतरतो, पण तो दुचाकीच्या वाटेने उतरला. माणसे वाहणाऱ्या जुन्या पिकअपपर्यंत तो पोचायचा आहे.

शेजारच्या कसारा घाटात, जिथे 1865 पासून रेल्वे चालते आणि उतार 37 फुटांना 1 फूट इतका आहे, मुंबईकडे उतरणारी गाडी आधी इगतपुरीला थांबते आणि ब्रेक तपासला जातो. वाटेत सुटलेली गाडी चढावर घेऊन थोपवणारे वेगळे रूळही ठेवलेले आहेत. जव्हारहून मनोरकडे किंवा त्र्यंबकहून तोरंगण घाटाने मोखाड्याकडे उतरणाऱ्या पिकअपला अशी सक्तीची थांबण्याची जागा नाही. पण घाटमाथ्यावर चहाची टपरी असते आणि गाडी तिथे थांबतेच. बोनेट उघडून ब्रेक ऑइलची पातळी आणि रंग पाहायला, पेडल दाबून ते हळूहळू खाली जाते का बघायला, चहा निवायला लागतो तेवढाच वेळ पुरतो. तेल काळे पडले असेल तर माणसे तिथेच उतरवायची.