बारा माणसं, चार खोल्या, एक खिडकी

रत्नागिरीच्या मारुती आळीतल्या टूर ऑफिसात आम्ही सातजण शिरलो. खुर्च्या तीनच होत्या, म्हणून उरलेल्यांनी दारात उभं राहून मतं दिली. घरचे एकूण बारा निघाले होते. सगळ्यांत मोठी आत्या ७९ वर्षांची, सगळ्यांत धाकटा माझ्या भावाचा दोन वर्षांचा मुलगा. मुंबई-गोवा बोटीने जायचं. म्हणजे आधी रेल्वेने वर मुंबईला, तिथे ग्रीन गेटमधून बोटीवर, आणि मग रात्री आपल्याच गावासमोरून खाली गोव्याला.

"मग इथेच घ्या की आम्हाला," आत्या म्हणाली.

तिचं म्हणणं उगाच नव्हतं. 'कोकण सेवक' ही जुनी बोट चालू होती तेव्हा ती पडावात बसून खोल पाण्यात उभ्या असलेल्या बोटीपर्यंत गेलेली बाई. डेकवर सतरंजी अंथरली की जागा आपली, एवढंच तेव्हाचं आरक्षण. आणखी कुणी आलं की पाय जवळ घ्यायचे.

आमचाही हिशोब त्याच वळणाचा होता: एका खोलीत चौघं, म्हणजे तीन खोल्या, धाकट्यासाठी खाली गादी. एजंट शांतपणे म्हणाला, "गादी चालत नाही." बोटीवर खोलीत किती बिछाने मावतात एवढाच प्रश्न नसतो. त्या भागातल्या माणसांसाठी जीवरक्षक नावेत किती जागा आहेत, तेही मोजलेलं असतं. त्यामुळे चार बर्थची खोली रिकामी दिसली, तरी कधीकधी चौथं नाव घेतलंच जात नाही. दोन वर्षांचं पोरही एक डोकंच. आमच्या माजघरात हा नियम कुणी सांगितला असता, तर निम्मं लग्नघर अंगणात झोपलं असतं.

मग त्याने नकाशा उलगडला. कॉर्डेलिया कंपनीची ही 'एम्प्रेस' १९९० साली 'नॉर्डिक एम्प्रेस' म्हणून धावू लागली आणि २०२१ पासून मुंबईहून सुटते. अकरा मजले, आठशेच्या आसपास खोल्या. जुन्या घडणीची असल्यामुळे बाल्कनीच्या खोल्या मोजक्या. बऱ्याचशा आतल्या, बिनखिडकीच्या, आणि बाकीच्या समुद्राकडे खिडकी असलेल्या. भाडं दोघांच्या हिशोबाने धरतात. त्याच खोलीतल्या तिसऱ्या-चौथ्याला कमी पडतं. एकट्याने खोली घेतली तर जवळपास दोघांचे पैसे. हे ऐकून दादाने "मला आपली वेगळी खोली" हे वाक्य अर्ध्यावर गिळलं.

तिसरा आणि चौथा बर्थ भिंतीतून किंवा छतातून खाली येतो, रेल्वेच्या वरच्या बर्थसारखा. शिडीने चढायचं. माझ्या दोन्ही मुलांचं तिथेच भांडण जुंपलं. पण तिथे चढणार कोण, हे ठरवताना घराची सगळी वंशावळ उघडावी लागते. कुणाचा गुडघा धरतो, रात्री कोण तीनदा उठतं, कोण घोरतं. दादा घोरतो. हे घरात सर्वांना ठाऊक, पण परक्या माणसासमोर उच्चारलं गेलं ते पहिल्यांदाच. वहिनीने ते हसत सांगितलं आणि त्या दोघांची खोली तिथेच वेगळी झाली.

आत्याला बोट लागू नये, म्हणून बोटीच्या मध्यावर आणि खालच्या मजल्यावर बघा, असं मी म्हणालो. लहान मुलांच्या सीसॉसारखंच असतं ते. नाळ आणि शेपूट जास्त वरखाली होतात, मधला भाग कमी. जितकं उंच, तितकं डुलणं जास्त. एजंटने मान डोलावली आणि बोट वरच्या मजल्याच्या नकाशावर नेलं. खोलीच्या डोक्यावर काय आहे तेही बघा, म्हणाला. वर नाचगाण्याचा हॉल असेल तर मध्यरात्रीपर्यंत ढोल, पोहण्याचा तलाव असेल तर पहाटे खुर्च्या ओढल्याचा आवाज. वरखाली दोन्हीकडे राहत्याच खोल्या असलेली जागा सगळ्यांत शांत. लिफ्ट जवळ हवी, पण दाराशी नको. आणि न्हाणीघराचा उंबरा आठवणीने विचारायचा. बोटीवर तो असतो आणि म्हाताऱ्या पायाला तोच नडतो.

खिडकी सगळ्यांना हवी होती. सगळ्यांना परवडणारी नव्हती. इथे धाकट्या भावजयीने जे सुचवलं, ते एजंटलाही सुचलं नव्हतं: खिडकीची खोली एकच घ्यायची, आत्याची. तिच्यासोबत दादाच्या कॉलेजात शिकणाऱ्या दोन्ही मुली. बाकीच्या तीन खोल्या बोळापलीकडे, समोरासमोर, आतल्या. बसायला सगळे आत्याकडे, झोपायला आपापल्या अंधारात. दोन वर्षांच्या पोराला तो अंधार उलट बराच, उजाडल्याचं त्याला कळणारच नाही. शिवाय खोल्या जवळजवळ असल्या की धोक्याच्या भोंग्याला जमायचं ठिकाण बहुधा एकच मिळतं. मुलं इकडे आणि आईबाप तिकडे, असं होत नाही. मधलं दार असलेल्या जोडखोल्या मात्र केव्हाच संपल्या होत्या.

तीन, दोन, चार, तीन. बारा झाले. एजंटने आकडे भरायला घेतले आणि आत्याने विचारलं, "खिडकी कुठल्या अंगाला?"

कुणाला काही कळेना. तिनेच समजावलं: जाताना तोंड दक्षिणेला, म्हणजे किनारा डाव्या हाताला. रत्नदुर्गावरचा दिवा दिसायचा तर डाव्याच बाजूला. बोट बरीच बाहेरून जाते, दिसेलच असं नाही, असं एजंटने सांगून पाहिलं. तरी त्याने खोलीचा नंबर बदलला.

"पण येताना किनारा उजवीकडे जाईल," माझा मोठा मुलगा म्हणाला.

"येताना झोपेन मी," आत्या म्हणाली, आणि उठायला त्याचा हात धरला.