तीन दरपत्रकं आणि एकच पॅन

रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेसाठी काचसामान घेतलं होतं. फाइलला तीन दरपत्रकं, तुलनात्मक तक्ता, सर्वांत कमी दरवाल्याला दिलेली ऑर्डर, खरेदी समितीच्या सह्या, सगळं जागच्या जागी. एक कोपरगावचा पुरवठादार, एक संगमनेरचा, एक नाशिकचा. तिन्ही पत्रकं टेबलावर शेजारी शेजारी मांडली. वस्तूंचा क्रम तिन्हींत सारखा होता, पण त्यात वावगं काही नाही. कॉलेजच्या मागणीपत्रातच तो क्रम होता. ‘प्रयोशाळा’ ही चूक मात्र तिन्ही पत्रकांत होती आणि मागणीपत्रात नव्हती.

मग जीएसटी क्रमांक पाहिले. पंधरा अक्षरांच्या या क्रमांकातले पहिले दोन आकडे राज्याचे असतात, महाराष्ट्राचे २७. पुढची दहा अक्षरं म्हणजे धंदा करणाऱ्याचा पॅन. तेरावं अक्षर त्याच पॅनवर त्या राज्यात कितवी नोंदणी आहे ते सांगतं. कोपरगाव आणि संगमनेरच्या दुकानांची दहाही अक्षरं एकच होती, फरक तेवढा तेराव्या जागी आणि त्यामुळं बदलणाऱ्या शेवटच्या पडताळणी अक्षरात. म्हणजे मालक एकच, आणि तो स्वतःशीच स्पर्धा करत होता.

शिर्डी आणि आसपासच्या महाविद्यालयांचं अंतर्गत लेखापरीक्षण हे माझं काम. यातली बरीच सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाला संलग्न. शिर्डी तर रोकडीचं गाव. २०२३ मध्ये साईसंस्थानच्या नाण्यांना जागा नाही असं काही बँकांनी सांगितल्याच्या बातम्या आल्या होत्या, एवढी चिल्लर इथं जमते. पण दानपेटीतली मोजदाद अनेक माणसांसमोर आणि कॅमेऱ्यांखाली होते, बँकेची माणसं हजर असतात. कॉलेजात पैसे घेणारा, पावती फाडणारा, किर्द लिहिणारा आणि बँकेत भरणा करणारा पुष्कळदा एकच भाऊसाहेब असतो. मोठी फी आता ऑनलाइन भरली जाते हे खरं; पण दाखल्याचे पैसे, विलंब शुल्क, हरवलेल्या ओळखपत्राचे, रद्दी आणि भंगाराचे, असे फुटकळ व्यवहार अजून रोखीनं चालतात. माझ्या अनुभवात गळती इथूनच सुरू होते.

म्हणून मी आधी पावतीपुस्तकं मागतो. वापरलेली नव्हे, कोरी. छापखान्याच्या बिलावर जितकी पुस्तकं, तितकी साठा नोंदवहीत आहेत का, आणि कपाटात आहेत का? एखादं पुस्तक कुठंच नसेल तर प्रश्न मोठा. भरणा पावतीच्या तारखेनंतर किती दिवसांनी झाला तेही पाहतो. वर्षानुवर्षं एकही रजा न घेणारा कारकून असेल तर त्याच्या टेबलाकडं जरा जास्त लक्ष देतो. तो प्रामाणिक आणि कामसू असण्याचीच शक्यता अधिक, आणि तसं असेल तर तपासणीनं त्याचं काही बिघडत नाही. पण दुसऱ्याच्या हाती वही गेली की उघडं पडेल असं काही असणारा माणूस रजा टाळतो, हे सगळ्याच लेखापरीक्षकांना ठाऊक असतं. शिष्यवृत्तीच्या अर्जांत एकच मोबाइल नंबर पंधरा विद्यार्थ्यांपुढं दिसला तरी तसंच. कदाचित गावातल्या सेवा केंद्रवाल्यानं सोयीसाठी स्वतःचा नंबर टाकला असेल. मी त्या पंधरांपैकी दोघा-तिघांना वर्गातून बोलावून घेतो. पोरं समोर आली, की निम्मी शंका तिथंच फिटते.

गुणांचा घोटाळा याहून जीवघेणा, कारण तो पैशात मोजता येत नाही. मुंबई विद्यापीठाच्या एम.डी. परीक्षेत मुख्यमंत्र्यांच्या मुलीचे गुण बदलल्याचं प्रकरण एका परीक्षार्थी डॉक्टरनं न्यायालयात नेलं. उच्च न्यायालयाच्या ताशेऱ्यांनंतर १९८६ मध्ये शिवाजीराव पाटील निलंगेकरांना मुख्यमंत्रिपद सोडावं लागलं. शिक्षक पात्रता परीक्षेचा घोटाळा २०२१च्या डिसेंबरात बाहेर आला, तोही म्हाडाच्या पेपरफुटीचा तपास सुरू असताना. राज्य परीक्षा परिषदेच्या आयुक्तांनाच अटक झाली आणि पुढच्या वर्षी साडेसात हजारांहून अधिक उमेदवारांवर कारवाई झाली. इतक्या लोकांचे निकाल बदलले जात असताना कुणालाच काही दिसलं नाही, यावर माझा विश्वास बसत नाही. दिसलं असणारच. सांगायचं कुणाला, हे कळलं नसणार.

कायदा तसा दुबळा नाही. १९८८च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात लोकसेवकाची व्याख्या कुलगुरूपासून विद्यापीठाच्या शिपायापर्यंत जाते, परीक्षेच्या कामासाठी विद्यापीठानं बोलावलेला बाहेरचा माणूसही तिच्यात येतो, आणि सरकारी मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थेचे पदाधिकारी आणि नोकरही. २०१८च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. मात्र नाइलाजानं द्यावी लागली आणि सात दिवसांत कळवलं, तर त्याला संरक्षण आहे. आमच्या भागात ही सात दिवसांची गोष्ट फारच थोड्यांना माहीत आहे. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा नंबर मी प्रत्येक कॉलेजच्या सूचनाफलकावर लावायला सांगतो. फोन केला की लगेच धाड पडत नाही. आधी मागणीची पडताळणी होते, पंच बोलावले जातात, नोटांचे क्रमांक पंचनाम्यात उतरतात, त्यांना अँथ्रासीन पावडर लावली जाते. नोट घेणाऱ्याचे हात मग अतिनील दिव्याखाली चमकतात.

जागल्यांच्या संरक्षणाचं मात्र तसं नाही. त्यासाठीचा केंद्रीय कायदा २०१४ मध्ये संमत झाला, पण लागू झालाच नाही. महाराष्ट्रातली माहिती अधिकाराची चळवळ ज्या राळेगणसिद्धीतून उभी राहिली, ते गाव आमच्याच जिल्ह्यात आहे. तिथून इतक्या जवळ असलेल्या कॉलेजांतही माणसं बोलायला कचरतात, याचं मला फार वाईट वाटतं.

काचसामानाच्या प्रकरणात पहिली शंका माझी नव्हती. प्रयोगशाळेतल्या परिचरानं खोकी फोडली तेव्हा चलनावर लिहिलेल्यापेक्षा ब्युरेट कमी निघाल्या होत्या. त्यानं ते तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या एका मॅडमना सांगितलं. त्यांची नेमणूक दर वर्षी नव्यानं होते, त्यामुळं त्या गप्प राहिल्या, आणि त्यांना दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही. मी साठा मोजायला गेलो तेव्हा परिचर दार लोटून म्हणाला, “साहेब, माझं नाव येईल का यात?”

त्याला म्हटलं, “दादा, आधी आपण नुसतं मोजू.” आम्ही दोघांनी मिळून मोजलं. एका कागदावर चलनाचा क्रमांक, तारीख, चलनावरचा आकडा आणि खोक्यात निघालेला आकडा. चोरी, अफरातफर, संगनमत असले शब्द नाहीत, कुणाचं नाव नाही. जे डोळ्यांना दिसलं आणि वहीत सापडलं तेवढंच. हे सर्वांना शिकवावं असं मला मनापासून वाटतं, कारण आरोप न करताही कळवता येतं. निनावी पत्र बहुतेक वेळा फाइलला लागून पडतं. आकड्यांचा साधा अर्ज आवक रजिस्टरला नोंदवला, छायाप्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांकासह पोच घेतली, की तो दाबणं अवघड होतं. इथं अर्ज मी माझ्या नावानं दिला, एक प्रत प्राचार्यांना, एक संस्थेच्या सचिवांना. दरपत्रकं आणि पॅनची तुलना सोबत जोडली.

ऑर्डर रद्द झाली, कमी आलेल्या मालाचं बिल थांबलं, खरेदी नव्यानं जाहिरात देऊन झाली. माल उतरवून घेताना आता परिचराचीही सही घेतात. मॅडमना यंदा पुन्हा तास मिळाले आहेत. कॉलेजनं तक्रार समितीही नेमली, पण तिचे सदस्य म्हणजे प्राचार्य, सचिव आणि कार्यालय अधीक्षक. ज्यांच्याविषयी तक्रार करायची वेळ येऊ शकते, तेच ती वाचणार. समितीवर संस्थेबाहेरचा एक सदस्य घ्या आणि तक्रारपेटीची किल्ली त्यांच्याकडं ठेवा, असं मी यंदाच्या अहवालात लिहिलं आहे. उत्तर अजून आलेलं नाही. अहवालाची पोच माझ्याकडं आहे.