छप्पन आणि चव्वेचाळीस: वजन सारखंच

2019च्या विधानसभा निवडणुकीत बुलढाणा जिल्ह्याने सात आमदार निवडून दिले. चिखली, खामगाव आणि जळगाव जामोदमधून भाजपचे तीन, बुलढाणा आणि मेहकरमधून शिवसेनेचे दोन, मलकापुरातून काँग्रेसचा एक, सिंदखेड राजातून राष्ट्रवादीचा एक. या सातांचीच सभा भरली आहे आणि ठरावाला चार मतं लागतात, असं धरून चला. भाजपला कुणीही एक सोबती मिळाला की चार होतात. भाजपला बाजूला ठेवायचं तर उरलेल्या तिन्ही पक्षांना एकत्र यावंच लागतं. म्हणजे दोन आमदारांच्या शिवसेनेला जे साधतं, तेवढंच एका आमदाराच्या काँग्रेसलाही साधतं. जॉन बॅन्झाफ या अमेरिकी वकिलाने 1965 मध्ये मांडलेली मोजणीची रीत हेच सांगते: बहुमत होईल अशा सगळ्या जुळण्या मांडा आणि कोण बाहेर पडलं की बहुमत मोडतं ते मोजा. इथे असे प्रसंग बारा निघतात. सहा भाजपचे, दोन-दोन बाकी तिघांचे.

आता मुंबईत, त्याच निवडणुकीतून आलेल्या विधानसभेत या. 288 जागा, बहुमताला 145; भाजप 105, शिवसेना 56, राष्ट्रवादी 54, काँग्रेस 44. जुळण्या मांडल्या तर हिशेब बुलढाण्याचाच येतो. 56 आणि 44 यांचं वजन सारखं! छोटे पक्ष आणि अपक्ष मिळून 29 आमदार होते. ते सगळे एकजुटीने उभे राहिले असते तरी भाजप 134वर अडकला असता आणि बाकी तिघांपैकी कुठलेही दोघे फार तर 139वर. चार मोठे पक्ष अभंग असेपर्यंत या 29 मतांची किंमत शून्य होती. जागांच्या प्रमाणात सत्तेचा वाटा मागणं म्हणूनच मला चुकीच्या पायावरचं वाटतं.

यावर कुणी म्हणेल, कागदावर सगळे सगळ्यांशी जुळतात, राजकारणात नाही. आक्षेप रास्त आहे, पण 2014 आठवा. भाजप 122, शिवसेना 63, काँग्रेस 42, राष्ट्रवादी 41, हिशेब तोच. निकालाच्याच दिवशी राष्ट्रवादीने भाजपला बाहेरून पाठिंबा देऊ केला आणि 63 आमदारांची शिवसेना आधी विरोधी बाकांवर बसली, डिसेंबरात सरकारात गेली. 2019 मध्ये राष्ट्रवादी आणि काँग्रेसने शिवसेनेसाठी दार उघडलं, तेव्हा 56वर मुख्यमंत्रिपद आलं. जुळणी अशक्य मानणाऱ्यांना दोन्ही वेळा घटनांनीच उत्तर दिलं. दुसरा आक्षेप फुटीचा: 2022 मध्ये शिवसेनाच दुभंगली. तेव्हा ढीग बदलले, मोजणी नव्याने करायची एवढंच. रीत खोटी ठरत नाही.

2024 मध्ये शिवसेनेच्या धनुष्यबाण चिन्हावर 57 आमदार आले, 2019पेक्षा एक जास्त. पण भाजपकडे 132 होते, कमी पडत होते फक्त 13, आणि राष्ट्रवादीच्या घड्याळ चिन्हावरचे 41 सोबत होतेच. त्या 57 जणांनी पाठिंबा काढला तरी 173 उरतात.