एक काठी, नऊ इयत्ता

एक मीटर लांबीची सरळ काठी, खडू, दोरी आणि मोजपट्टी. ऊन फुकट मिळतं. एवढ्या सामानावर दुसरीपासून दहावीपर्यंत कुठल्याही वर्गाचा तास घेता येतो. बदलायचा असतो तो प्रश्न.

दुसरीत तर काठीही लागत नाही. सकाळी मैदानात एकाने उभं राहायचं, दुसऱ्याने त्याच्या सावलीची कड खडूने गिरवायची. मधल्या सुट्टीत त्याच जागी पाय ठेवले, की सावली रेघ सोडून भलतीकडेच पडते, वर आखूडही होते. असं का, हे लगेच सांगून टाकण्याचा मोह शिक्षकाने आवरावा. पोरांची उत्तरं ऐकण्यासारखी असतात. मराठीच्या तासाला तीच लिहायला द्यावीत.

पाचवीत काठी रोवायची. ती उभी सरळ आहे ना, हे गवंड्याच्या ओळंब्याने तपासायचं आणि अकरा ते दीडपर्यंत दर दहा मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खूण करायची. सावली सर्वांत आखूड होते ती तिथली खरी दुपार. ती घड्याळाच्या बाराला बहुधा येत नाही, कारण भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर बेतलेली आहे आणि सगळा महाराष्ट्र त्याच्या पश्चिमेला. नागपूरनंतर कोल्हापूरची दुपार होते ती सुमारे वीस मिनिटांनी.

खरी मजा दोन गावांच्या शाळा जोडल्यावर येते. शून्य सावलीचा दिवस यासाठी कामाचा नाही: मुंबईत तो मेच्या मध्याला आणि जुलैअखेरीस येतो, म्हणजे एकदा शाळेला सुट्टी आणि एकदा आकाशात ढग. मार्चचा विषुवदिन परीक्षांच्या तोंडावर. राहतो सप्टेंबरचा, २२-२३ तारखेचा, पावसाने उघडीप दिली तर. त्या दुपारी काठी आणि सूर्यकिरण यांतला कोन हाच त्या गावाचा अक्षांश असतो. एक मीटर काठीची सावली कोल्हापुरात सुमारे ३० सेंटिमीटर, नागपुरात ३९.

आठवीने कागदावर प्रमाणात त्रिकोण काढून कोनमापकाने कोन मोजावा, नागपूरचा आकडा फोनवरून घ्यावा. दोन्ही कोनांत साधारण साडेचार अंशांचा फरक निघतो. नकाशावर या शहरांमधलं दक्षिणोत्तर अंतर सुमारे ५०० किलोमीटर. मग ३६० अंशांना किती? उत्तर ४०,००० किलोमीटर, पृथ्वीचा परीघ. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात इराटोस्थेनिसने इजिप्तमधल्या अलेक्झांड्रिया आणि सायीन या गावांवरून हेच गणित मांडलं होतं. आपल्याकडे भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त सावलीच्या गणितांचं स्वतंत्र प्रकरण आहे, इतिहासाच्या तासाला दोघांनाही जागा द्यावी.

मुलांचं उत्तर मात्र क्वचितच इतकं नेमकं येतं. सावलीची कड पुसट असते. ती मोजताना एक सेंटिमीटर चुकला, तरी कोन अर्ध्या अंशाने सरकतो आणि परिघात काही हजार किलोमीटरची गडबड होते. नववीसाठी खरा धडा हाच, चूक कुठून आली ते शोधण्याचा. पुस्तकातलं उत्तर आणून जुळवलं, तर तास वाया गेला.

दहावीला टॅन येतो, त्रिकोण काढायची गरज नाही. त्यांना उलटं विचारावं: २२ डिसेंबरला सूर्य विषुववृत्ताच्या साडेतेवीस अंश दक्षिणेला असतो, तर नागपुरात दुपारी सावली किती? कोन पंचेचाळिसाच्या जवळ जातो, म्हणजे सावली जवळजवळ काठीएवढीच. आधी वहीत उत्तर काढायचं, मग मोजपट्टी घेऊन मैदानात जायचं. डिसेंबरात आकाशही बहुधा मोकळं असतं.