नाटक बघायला शिकायचं म्हणजे काय?

मी पंचवटीत राहतो आणि महाविद्यालयात पहिल्या वर्षाच्या मुलांना नाट्यास्वादाचा प्राथमिक अभ्यासक्रम शिकवतो. हे सांगितलं की समोरचा हमखास विचारतो, "म्हणजे अॅक्टिंग शिकवता का?" नाही म्हटलं की पुढचा प्रश्न, "मग नाटकं लिहायला?" तेही नाही म्हटल्यावर गृहस्थ जरा काळजीत पडतात. नाटक बघायला शिकवतो, हे उत्तर काही त्यांना पटत नाही. बघायला काय शिकायचं? तिकीट काढायचं, खुर्चीत बसायचं, मध्यंतरात बटाटेवडा खायचा आणि शेवटी टाळ्या वाजवायच्या. आपल्या आईवडिलांना कुणी शिकवलं होतं?

शिकवलं कुणी नव्हतं, पण ते शिकले होते. नाटक मंडळी गावात मुक्काम ठोकायच्या, तेव्हा एकच नाटक तीन-तीनदा पाहणारी माणसं होती. पुढेही कितीतरी वर्षं आदल्या रात्रीच्या प्रयोगावरून कचेरीत दुपारपर्यंत वाद चालायचे. अमक्यानं ते वाक्य असं म्हटलं, तमका ते कसं म्हणायचा, यावर लोक हिरिरीनं भांडायचे. त्या भांडणांतून नजर तयार व्हायची. माझ्या वर्गातल्या मुलांच्या वाट्याला हे फारसं आलेलं नाही. नाट्यगृहात जाऊन पूर्ण नाटक कुणी पाहिलंय, असं पहिल्या दिवशी विचारलं तर मोजकेच हात वर होतात. नाटकाचे तुकडे मात्र सगळ्यांनी मोबाइलवर पाहिलेले असतात.

आमच्या वर्गाचा पहिला नियम असा, की पहिले तीन आठवडे 'छान', 'भारी' आणि 'बोअर' हे तीन शब्द वापरायचे नाहीत. सुरुवातीला मुलं मुकीच होतात. मग हळूहळू दुसरं काही सुचायला लागतं. 'ती दारातून आत आली तेव्हा नवरा उठला नाही.' 'उजेड कमी झाला, पण कोपऱ्यातली खुर्ची तेवढी दिसत राहिली.' एवढं लिहिता आलं की निम्मा अभ्यासक्रम झाला असं मी समजतो. आधी काय दिसलं आणि काय ऐकू आलं ते सांगायचं, मग त्यानं मनात काय झालं ते, आणि आवडलं की नाही हे सगळ्यांत शेवटी. बहुतेक माणसं नेमकी उलट्या क्रमानं जातात. छापील परीक्षणं लिहिणारेसुद्धा.

एवढा आग्रह कशासाठी? आपण नाटकाला 'प्रयोग' म्हणतो, त्या शब्दातच कारण आहे. कादंबरी कपाटात राहते, चित्रपट पुन्हा लावता येतो. कालचा प्रयोग आज कुठेही नसतो. चित्रफीत असली तरी त्यात समोर बसलेली माणसं आणि त्यांच्यामुळे नटाचा लांबलेला श्वास येत नाही. उरतं ते प्रेक्षकाच्या आठवणीत. आणि प्रेक्षकाला 'छान होतं' यापलीकडे काही सांगता आलं नाही, तर तेही उरत नाही.

नाटकाचं पुस्तक आणि नाटक यांतला फरक समजावायला आम्हा नाशिककरांना लांब जावं लागत नाही. शिरवाडकर इथलेच. वसंत कानेटकर इथल्याच महाविद्यालयात शिकवत होते आणि 'रायगडाला जेव्हा जाग येते' त्यांनी लिहिलं. शिरवाडकरांचं 'नटसम्राट' 23 डिसेंबर 1970 रोजी गोवा हिंदू असोसिएशननं रंगभूमीवर आणलं. दिग्दर्शन पुरुषोत्तम दारव्हेकरांचं, आणि अप्पा बेलवलकर होते डॉ. श्रीराम लागू. पुढे हीच भूमिका दत्ता भटांनी केली, सतीश दुभाषींनी केली. शब्द तेच. पण ज्यांनी दोघा-तिघांना पाहिलं, ते तीन वेगळे म्हातारे पाहिल्यासारखं बोलतात. कुणाचा अप्पा आधी नट आणि मग बाप, कुणाचा आधी बाप. वर्गात हे मी छोट्या प्रमाणावर करून बघतो. अर्ध्या पानाचा एखादा साधा संवाद दोन जोड्यांना वाचायला द्यायचा. एक जोडी सलग वाचते, दुसरी एका ठिकाणी चार सेकंद थांबते. त्या थांबण्यानं अर्थच बदलतो. ते थांबणं छापील पानावर नसतं.

पण मला सगळ्यांत रमायला होतं ते भवभूतीपाशी. आठव्या शतकातला हा नाटककार, मूळचा विदर्भातल्या पद्मपूरचा. त्याच्या 'उत्तररामचरित' नाटकाचा तिसरा अंक आमच्या पंचवटीत घडतो. सीतेचा त्याग करून बारा वर्षं झाल्यावर राम पुन्हा इथं आला आहे. वनदेवता वासंती त्याला जुन्या जागा दाखवते आहे. त्याच वेळी सीताही तिथंच आहे. मात्र गंगेच्या वरामुळे ती कुणालाच दिसत नाही. तिच्यासोबतची तमसा नदी तेवढी तिला पाहू शकते. राम मूर्च्छित होतो, सीता त्याला स्पर्श करते, स्पर्श त्याला ओळखू येतो, पण हात धरायला जावं तर माणूस नाही. या अंकाचं नावच 'छाया'.

आता मुलांना प्रश्न असा, की न दिसणारी सीता रंगमंचावर दाखवायची कशी? पहिल्या झटक्यात उत्तरं येतात ती चित्रपटातली. धूर सोडू, पांढरा प्रकाश टाकू, आवाज घुमवू. मग एका मुलीला वर्गात मध्यभागी उभं करतो आणि रामाचं काम करणाऱ्या मुलाला एवढंच सांगतो, की तिच्याकडे बघायचं नाही. तो तिच्या शेजारून चालत जातो, आणि अख्ख्या वर्गाला कळतं की तिला आपण पाहतोय, तो पाहत नाही. ना धूर, ना दिवा. ती अदृश्य झाली ती वर्गाच्या संमतीनं. नाटकाची सगळी यंत्रणा या संमतीवर चालते. त्याला ठाऊक नाही ते आपल्याला ठाऊक आहे, म्हणून आपला जीव वर-खाली होतो. भवभूतीनं हे बाराशे वर्षांपूर्वी हेरलं होतं. त्यानं नायकाचं दुःख नायिकेला ऐकवलं आणि ती दोघं आपल्याला दाखवली.

एका वर्षी इथंच एका मुलानं हात वर केला. म्हणाला, "सर, दुसऱ्या अंकात हा शंबूकाला मारून आलाय. त्याच्या रडण्यावर मी का रडू?" वर्ग शांत झाला. प्रश्न टाळण्यासारखा नव्हता. शंबूक हा तपस्या करणारा शूद्र, आणि तेवढ्याच कारणासाठी मारला गेलेला. आमच्या वर्गापासून काळाराम मंदिर काही फार दूर नाही. 2 मार्च 1930 रोजी बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली त्या मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून सत्याग्रह सुरू झाला आणि पुढे काही वर्षं तो चालला. पंचवटीत बसून हे नाटक वाचताना तो प्रश्न बाजूला ठेवता येत नाही. नाटकात पुन्हा बघितलं तर भवभूतीनंही रामाला तो वार सहज करू दिलेला नाही. सीतेला घालवून देणारा हात तूच, तुला कसली दया, अशा अर्थाचं तो राम आपल्याच उजव्या हाताला बोलतो. शंबूकाला मेल्यावर दिव्य रूप मिळतं. त्या मुलाचं समाधान यानं झालं नाही, आणि व्हावं असा माझा आग्रहही नव्हता. आस्वाद म्हणजे मान डोलावणं, असा आपल्याकडे एक गोड गैरसमज आहे. एखादं दृश्य आपल्याला हलवतं, आणि त्याच नाटकातली एखादी गोष्ट आपल्याला मान्य होत नाही. ही दोन्ही खरी आहेत असं कागदावर लिहिता येणं मला पाठांतरापेक्षा मोठं वाटतं. त्या मुलानं ते चार पानं लिहिलं. बाकीच्यांनी ती पानं आपापसांत फिरवून वाचली.

नेपथ्य, प्रकाशयोजना, वेशभूषा, संगीत हेही अभ्यासक्रमात असतं. त्यावर पुस्तकं आहेत, त्यामुळे इथं फार बोलत नाही. 'घाशीराम कोतवाल' 1972 साली आलं तेव्हा त्यातली माणसंच रांगेत उभी राहून भिंत झाली, हे एक उदाहरण सांगितलं की भिंत लाकडाचीच लागते हा समज गळून पडतो.

उरला एक मुद्दा, आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. नाटक पाहिलेल्यांचे हात कमी असतात असं म्हटलं. पण चैत्रातल्या कामदा एकादशीचा रथोत्सव पाहिलाय का, असं विचारलं की पंचवटीतली सगळी मुलं हात वर करतात. रामरथाकडे तोंड करून उलट्या पावलांनी चालणारा मानकरी त्यांनी लहानपणापासून पाहिलेला असतो. तो नट आहे का? नाही. पण त्याचं चालणं लोक बघतात, वाट करून देतात. मग पूजा कुठं संपते आणि खेळ कुठं सुरू होतो? पेठ, सुरगाण्याकडची मुलं मागं बसतात आणि बराच काळ गप्प असतात. त्यांच्यातल्या एकीनं एकदा विचारलं, "सर, आमच्याकडच्या बोहाड्याला नाटक म्हणतात का?" बोहाडा म्हणजे देवांचे, राक्षसांचे मुखवटे चढवून रात्रभर चालणारी सोंगं. संबळ वाजतो, एकामागून एक सोंग येतं, नाचून जातं, आणि गाव उघड्यावर बसून पाहतं. पडदा नाही, तिकीट नाही, छापील संहिता नाही. मी तिला फळ्यापाशी बोलावलं आणि सोंग कुठून येतं, लोक कुठं बसतात ते काढून दाखवायला सांगितलं. तिनं खडूनं गावाचा नकाशाच काढला. मग मुखवट्यामुळे चेहरा हलत नाही, तर राग मानेनं आणि पावलांनी कसा दाखवतात, हे तिनं स्वतः करून दाखवलं. त्या दिवशी शहरातली मुलं वही काढून लिहून घेत होती. मराठी नाटकाचा आरंभ आपण विष्णुदास भाव्यांच्या 1843 सालच्या 'सीता स्वयंवर'पासून मोजतो. ते खरंच आहे. पण रामकथेची सोंगं काढणारी गावं त्या हिशेबात धरायची की नाही, हे मुलांनी आपापलं ठरवावं.

भरताच्या नाट्यशास्त्रात सत्ताविसाव्या अध्यायात प्रेक्षकाचीही लक्षणं दिली आहेत. प्रयोग साधला की नाही हे कशावरून ओळखायचं, याचा तिथं बारकाईनं विचार आहे. नटाच्या जोडीनं बघणाऱ्याकडूनही काही अपेक्षा ठेवायची ही रीत आपल्याकडे इतकी जुनी आहे.

आमच्या परीक्षेला पाठ करण्यासारखं थोडंच असतं. राज्य नाट्य स्पर्धेची नाशिक केंद्रावरची प्राथमिक फेरी पाहायला मुलांना पाठवतो. हौशी मंडळींची नाटकं, त्यामुळे तिकीट परवडतं आणि रोज नवा प्रयोग असतो. एक नाटक निवडायचं आणि तीन प्रश्नांची उत्तरं लिहायची. कुठल्या क्षणी तुम्ही खुर्चीत पुढे सरकलात? तो क्षण घडवायला रंगमंचावर कुणी काय केलं? आणि शेजारच्या खुर्चीतला माणूस तेव्हा काय करत होता? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेकांना पहिल्या खेपेला देता येत नाही. मग ती दुसऱ्या दिवशी पुन्हा जातात.